बशीतल्या माशाचा कौल: झेब्राफिश रिगच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

सोमवार, १० जून

ही आमची रिग, म्हणजे प्रयोगाची मांडणी: पेट्री डिशच्या तळाशी पडदा, पडद्यावर खालून प्रोजेक्टरने टाकलेले सरकते ठिपके, डिशमध्ये झेब्राफिशचं सहा-सात दिवसांचं एक पिल्लू, वर कॅमेरा. पिल्लू डावीकडे वळलं की उजवीकडे, एवढंच मोजायचं. आमच्या आजोळी देवाला कौल लावतात, फूल उजवं पडलं की डावं ते बघतात, तसंच.

सगळे ठिपके एका दिशेला गेले तर पिल्लू लगेच वळतं. शंभरातले पंचवीसच एका दिशेला आणि बाकीचे वाटेल तिकडे चालले असले, तर त्याला जरा थांबून, खबर जमवून ठरवावं लागतं. २०२० मध्ये हार्वर्डचे आर्मिन बाल आणि फ्लोरियन एंगर्ट, तसंच म्युनिककडचे एलेना द्रागोमिर, विलिम श्टिख आणि रुबेन पोर्तुगेस यांनी हे 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये दाखवलं. क्षणाक्षणाची दिशा मेंदूच्या प्रीटेक्टम नावाच्या भागात कळते, आणि तिची बेरीज मागच्या मेंदूच्या पुढच्या टोकाशी होते. गळक्या बादलीत पाणी भरावं तशी ही बेरीज: येणाऱ्या धारेपेक्षा गळती कमी असली तर पातळी चढते, काठाला लागली की मासा वळतो.

त्यांनी काम करताना चमकणारे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, बघितल्या. आमच्या महाविद्यालयात तसला सूक्ष्मदर्शक नाही. म्हणून फक्त वागणूक मोजायची, पण नीट मोजायची. पिल्लू चार मिलिमीटरचं, मेंदूत साधारण एक लाख न्यूरॉन. मासा मूळचा आपल्याकडच्याच नद्या-ओढ्यांतला; हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांबरोबर त्याची नोंद केली. पुढे जॉर्ज स्ट्रायसिंगरने अमेरिकेत ओरेगॉनला त्याला प्रयोगशाळेत बसवलं, आणि आता आपण त्याच्यावरचे पेपर तिकडून वाचतो.

प्राणी नैतिकता समितीची परवानगी मार्चमध्येच आली आहे. सरांनी ३०,००० रुपयांच्या आत बसवायला सांगितलंय.

शुक्रवार, १४ जून

पहिली बॅच गेली. १८० अंडी, सगळी पांढरी पडली.

चूक साधी. गुरुवारी पुण्यात बऱ्याच भागात पाणी बंद असतं, आणि शुक्रवारी सकाळी आलेल्या पहिल्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास होता. मी ते एक रात्र उघडं न ठेवता थेट वापरलं. यापुढे अंड्यांसाठी डिस्टिल्ड पाण्यात क्षार घालून केलेलं ई-थ्री, त्यात बुरशीसाठी मिथिलीन ब्लूचा थेंब. मोठ्या माशांच्या टाकीत क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट टाकल्याशिवाय नळाचं पाणी घालायचं नाही. टाकीवर तशी चिठ्ठी लावली. मावशींनी विचारलं, "ताई, एवढुशा माशांना बिसलेरी पाजणार का?" जवळपास तसंच आहे.

नवीन माणसासाठी: संध्याकाळी नर-मादीमध्ये काचेची आडवी भिंत घालायची, सकाळी दिवे लागले की काढायची. तळाला जाळी हवीच, नाहीतर आईबाप अंडी खाऊन टाकतात. दिवे १४ तास चालू, १० तास बंद. टायमर लावा, माणसावर सोडू नका.

बुधवार, १९ जून

कॅमेरा. घरच्या मीटिंगसाठी घेतलेला २,२०० रुपयांचा वेबकॅम लावून बघितला. फेकायच्या लायकीचा नाही, पण इथे उपयोग शून्य. पिल्लू सलग पोहत नाही, झटक्याझटक्याने जातं. एक झटका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा, मग थांबणं, मग पुढचा झटका. वेबकॅमच्या सेकंदाला ३० फ्रेममध्ये एका झटक्याला सहा फ्रेम मिळतात, त्यातल्या चार धूसर.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा नोआयआर कॅमेरा मागवला, त्याला इन्फ्रारेडही दिसतं. ६४० बाय ४८० ला सेकंदाला ९० फ्रेम देतो. शेपटी मोजायला हेही कमी आहे, पण पिल्लू कुठे आहे आणि तोंड कुठे आहे एवढं कळायला पुरे. रास्पबेरी पाय आणि कॅमेरा मिळून ९,८०० रुपये.

रविवार, २३ जून

आरसा. प्रोजेक्टर आडवा ठेवून उजेड आरशाने वर वळवायचा होता. काचवाल्याकडून ३५० रुपयांत साधा आरसा कापून आणला. पडद्यावर प्रत्येक ठिपक्याच्या बाजूला त्याचं फिकट भूत. काचेचा पुढचा पृष्ठभाग एक प्रतिबिंब देतो आणि मागचा मुलामा दुसरं. ठिपक्यांच्या प्रयोगात हे चालत नाही.

पुढच्या पृष्ठभागावरच मुलामा असलेला आरसा नवा घ्यायला परवडणार नव्हता. फिजिक्सच्या मित्राने सांगितलं की जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये तसेच आरसे असतात. आज रविवार, म्हणून जुना बाजार. तासाभरात एका मोडक्या मशीनच्या पोटातून लांबट आरसा काढून मिळाला, २०० रुपये. विकणाऱ्याला वाटलं मी वेडी आहे, कारण मी त्याला हात लावू नको म्हणून ओरडले. बोटाचा ठसा लागला की पुसता येत नाही, मुलामाच निघतो.

गुरुवार, २७ जून

पडदा. आधी बटर पेपर. डिश ठेवताना दोन थेंब सांडले आणि कागदाला सुरकुत्या. मग ३ मिमीचं दुधी ॲक्रिलिक कापून आणलं, कटिंगसकट १,१५० रुपये. हेच पहिल्यांदा करायला हवं होतं.

रविवार, ३० जून

पालख्या शहरात. रस्ते बंद, लॅबला पोचता आलं नाही. पाच दिवसांची पिल्लं एक दिवस उपाशी राहिली तरी मरत नाहीत, पोटात बलक असतो. पण सातव्या दिवसापासून पॅरामेशियम, म्हणजे त्यांचं सूक्ष्मजीवांचं खाणं, चुकवून चालत नाही. वेळापत्रक सणवार बघून लावा.

बुधवार, ३ जुलै

आज तीन तास एका मूर्खपणात गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

पिल्लाला दिसू नये पण कॅमेऱ्याला दिसावा असा उजेड हवा, म्हणून सीसीटीव्हीचा ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा तपकीर गल्लीतून आणला, ६५० रुपये. काळ्या कापडाखाली छान चालला. प्रोजेक्टर लावला की चित्र काळं. प्रोजेक्टर बंद केला की परत उजळ. वायरी बदलल्या, अडॅप्टर बदलला, रास्पबेरी पायची सेटिंग पुन्हा पुन्हा घातली. शेवटी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे बघितलं तर दिवाच विझत होता. या दिव्यांच्या तोंडावर मधोमध एक छोटा सेन्सर असतो, दिवस उजाडला की दिवा बंद करण्यासाठी. प्रोजेक्टरचा उजेड पडला की त्याला वाटायचं सकाळ झाली. सेन्सरवर काळी इन्सुलेशन टेप लावली. संपलं.

दुसरी अडचण उलटी. प्रोजेक्टरचे ठिपके कॅमेऱ्यालाही दिसतात आणि कोड त्यांनाच मासा समजतो. फिल्टर महाग. बाबांच्या कपाटात जुनी फिल्म निघाली. रंगीत निगेटिव्हच्या सुरुवातीला पूर्ण उजेड लागून काळा पडलेला तुकडा असतो. तो डोळ्यांना काळा, पण इन्फ्रारेड त्यातून आरपार जातं. दोन थर लेन्ससमोर लावले. ठिपके गायब, पिल्लू दिसतं. खर्च शून्य.

सोमवार, ८ जुलै

पिल्लं हलतच नाहीत. साध्या पट्ट्या, एक सेंटिमीटरचा पट्टा, सेकंदाला एक सेंटिमीटर वेग, यावर सहा दिवसांचं पिल्लू पट्ट्यांबरोबर पोहतं असं सगळीकडे लिहिलंय. आमची २७ पैकी ११ पोहली. बाकीची तळाशी आडवी.

दोन दिवस पट्ट्यांचा काळेपणा, वेग, रुंदी बदलत बसले. सर म्हणाले, "आधी मासा बघ, मग पडदा." मायक्रोस्कोपखाली घेतलं तर निम्म्यांचं हवेचं पोटच फुगलेलं नव्हतं. पोट फुगल्याशिवाय पिल्लू पाण्यात तरंगत नाही, मग पोहणार कसं?

कारण तापमान. पुस्तकातले दिवस २८.५ अंशांना मोजलेले असतात. पावसाळा लागल्यापासून आमची खोली २५ वर आली होती आणि इन्क्युबेटर दुसऱ्या प्रकल्पाकडे. किमेल आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या तक्त्यात हिशेब दिलाय: तापमान गुणिले ०.०५५ वजा ०.५७, हा २८.५ अंशांच्या तुलनेत वाढीचा वेग. २५ अंशांना तो ०.८ च्या आसपास येतो. म्हणजे माझी सहा दिवसांची पिल्लं खरं तर पाच दिवसांचीही पुरती नव्हती.

थर्मोकोलचा खोका, मत्स्यालयाचा हीटर पाण्याच्या बादलीत, थर्मोस्टॅट. १,९०० रुपये. हा खर्च पहिल्या आठवड्यात करा.

मंगळवार, १६ जुलै

नवी बॅच, खोक्यात वाढलेली. सहाव्या दिवशी ३० पैकी २६ पट्ट्यांबरोबर गेली. एका पिल्लाकडे बराच वेळ बघत बसले. पट्ट्या डावीकडे सुरू झाल्या, ते जागच्या जागी थांबलेलं. मग अंग डावीकडे वळवणारा एक छोटा झटका, मग सरळ दोन मोठे. डिशच्या काठाला नाक लागलं तरी तिथेच ढुसण्या देत राहिलं. दिशा उलटी केली तर सेकंदभर थांबलं आणि फिरलं.

शनिवार, २० जुलै

शेपटीची हालचाल बघावी म्हणून पिल्लाचं डोकं अगारोजमध्ये, म्हणजे जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थात, बसवून बघितलं. दोन दिवस घालवले, नोंद अपयशाची.

कमी तापमानाला वितळणारं अगारोज, दोन टक्के. पहिली चार पिल्लं मी गरम अगारोजमध्ये टाकून मारली, घाई केली म्हणून. हाताच्या पाठीवर थेंब ठेवून तो नुसता कोमट लागला, तरच पिल्लू सोडायचं. मग अगारोज घट्ट व्हायच्या आत त्याची पाठ वर आणायची, त्यासाठी टूथपिकला चिकटवलेला पापणीचा केस वापरायचा. केस माझाच. अर्धा मिनिट मिळतो. मग शेपटीभोवतीचं अगारोज बारीक ब्लेडने कापून काढायचं, शेपटीला न लागता.

सात पिल्लं नीट बसली. पण शेपटी सेकंदाला वीस-तीस वेळा हलते आणि आमच्या ९० फ्रेममध्ये एका हेलकाव्याला तीन-चारच फ्रेम. आलेख करवतीसारखा दिसतो. सोडून दिलं. हे करायचं असेल तर किमान २०० फ्रेमचा कॅमेरा आधी घ्या, केस नंतर तोडा.

गुरुवार, २५ जुलै

ठिपके सुरू. पिल्लू जिकडे तोंड करेल त्याच्या हिशेबाने ठिपके फिरायला हवेत, म्हणजे डावं-उजवं नेहमी त्याच्या अंगावरून मोजलं जातं. कोडची पहिली गडबड: डोकं आणि शेपटी उलटी ओळखली जात होती. दोन डोळे आणि हवेचं पोट मिळून तीन काळे ठिपके दिसतात, त्यांचा त्रिकोण धरला तर दिशा चुकत नाही. त्रिकोणाचं निमुळतं टोक शेपटीकडे.

दुसरी गडबड: उशीर. आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डला उजेड ओळखणारा फोटोडायोड जोडून पडद्यावर ठेवला आणि हुकूम सुटल्यापासून उजेड बदलेपर्यंत मोजलं, १४० मिलिसेकंद. ८,५०० रुपयांच्या प्रोजेक्टरचा आपोआप चित्र चौकोनी करणारा पर्याय चालूच होता. तो बंद केला, गेम मोड लावला, ६० वर आलं. आर्डुइनो आणि फोटोडायोड मिळून ७०० रुपये. हे मोजमाप केलं नसतं तर आमच्या प्रत्येक पिल्लाची प्रतिक्रिया १४० मिलिसेकंदांनी सुस्त दिसली असती आणि आम्ही त्याचं खापर मेंदूवर फोडलं असतं.

शुक्रवार, २ ऑगस्ट

सगळे ठिपके वाटेल तसे, एकही दिशा नाही, तेव्हा पिल्लांनी पडद्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला निम्मं-निम्मं जायला हवं. आमच्याकडे सारखं डावं. एकदा नाही, सलग तीन बॅच.

आधी पिल्लांवर शंका. काही पिल्लं जन्मतः एका बाजूची असतात म्हणे. पण सगळ्यांची तीच बाजू कशी? डिश अर्धी फिरवली, तरी डावं. कोडमध्ये डावं-उजवं अदलाबदल झालंय का ते बघितलं, नव्हतं. शेवटी मित्राने सगळी रिग, टेबलासकट, १८० अंशांत फिरवायला लावली. आता उजवं. म्हणजे दोष डिशमध्ये नाही, रिगमध्ये नाही, खोलीत आहे.

दिवे घालवून दोघं काळ्या कापडात डोकं घालून पाच मिनिटं बसलो. डोळे अंधाराला सरावल्यावर दिसलं. शेजारच्या टेबलावरच्या यूपीएसचा हिरवा एलईडी, कापडाच्या शिवणीतून. एवढासा उजेड, पण पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. खाली पडद्यावर प्रोजेक्टर चालू असतानाही तो कोपरा त्यांना कळत होता. टेप लावली, कापडाला दुसरा थर दिला. लाकूड आणि कापड मिळून १,४०० रुपये झाले होते त्यातच बसलं.

तीन बॅच फुकट. म्हणजे १२ दिवस.

मंगळवार, ६ ऑगस्ट

कल नाहीसा झाला. आता संध्याकाळच्या नोंदींत वेगळंच. मधूनच सगळं सोडून पिल्लू एका फ्रेममध्ये इंग्रजी सी अक्षरासारखं वाकतं आणि भलतीकडे उडतं. ही पळ काढण्याची उडी. मागच्या मेंदूत मॉथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी आहेत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, त्या काही मिलिसेकंदांत हे घडवतात. ठिपक्यांचा याच्याशी संबंध नाही. सकाळच्या नोंदींत हे नाहीच.

कॉलेजच्या मागे नदीकाठी ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी सहा ते नऊ.

मोबाईलमधलं कंपन मोजणारं ॲप टेबलावर ठेवून दोन्ही आलेख एकाखाली एक लावले. पहिल्या ठोक्यांना उड्या, मग पाच-दहा मिनिटांत कमी, सरावली बिचारी. मध्ये विश्रांती झाली आणि परत सुरू झालं की परत उड्या. माझं अर्धं लहानपण याच आवाजात गेलं, त्यामुळे मला ऐकूच येत नव्हतं. अटेंडंट काका त्याच पथकात ताशा वाजवतात. सराव बंद करा असं त्यांना सांगायची माझी छाती नाही. प्रयोग सकाळी १० ते ४, आणि टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे.

गुरुवार, २२ ऑगस्ट

पहिल्यांदा भरवशाची आकडेवारी. २४ पिल्लं, एका दिशेला जाणारे ठिपके ०, २५, ५० आणि १०० टक्के, प्रत्येक पिल्लाला चारही. शंभर टक्क्यांना पहिला झटका लवकर आणि बहुतेक बरोबर. पंचवीसला उशिरा आणि चुका जास्त. पण पंचवीसमध्येच जे झटके उशिरा पडले ते लवकर पडलेल्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर. याच गोष्टीसाठी सगळी खटपट होती. पिल्लू नुसतं मंद असतं तर उशिराचे झटकेही तेवढेच चुकले असते.

सरांनी आलेख बघून पहिला प्रश्न विचारला: "६० मिलिसेकंद वजा केलेस का?" केले होते.

सोमवार, २ सप्टेंबर

गळक्या बादलीचं साधं मॉडेल मित्राने पायथॉनमध्ये बसवलं. तीन आकडे: धार, गळती, काठ. शंभर आणि पन्नासला छान बसलं. पंचवीसला मॉडेल पिल्लापेक्षा जास्त धीर धरतं. पिल्लं कंटाळल्यासारखी मधेच उगाच एक झटका मारतात, दिशा असो वा नसो. आधी हे झटके मी गाळले होते, आलेख सुंदर दिसत होता. सरांनी परत घालायला लावले. बरोबरच आहे, पिल्लू पोहत असतं, ते आमच्या प्रश्नासाठी जन्माला आलेलं नाही. मॉडेलमध्ये उगाच झटक्याचा चौथा आकडा घालायचाय.

गुरुवार, ५ सप्टेंबर

हिशेब. वर आलेल्या वस्तू मिळून २४,३०० रुपये. त्याशिवाय वाया गेलेले २,५५०, म्हणजे वेबकॅम आणि पहिला आरसा. सगळं मिळून २६,८५०. अगारोज आणि रसायनं विभागाची. वेळ बारा आठवडे, त्यातले कामाचे सहा धरा.

परत करायचं झालं तर मी या क्रमाने जाईन: तापमानाचा खोका, अंधार, उशिराचं मोजमाप, आणि मग पहिलं पिल्लू. मी नेमकी उलट्या बाजूने चढले. पिल्लांचा म्हणून जो जो दोष मी वहीत लिहिला होता, त्यातला एक सोडून बाकी सगळा खोलीचा किंवा माझा निघाला. तो एक म्हणजे वरचा उगाच झटका.

शुक्रवार, २० सप्टेंबर

विसर्जन मंगळवारी झालं, नदीकाठ शांत आहे. ट्यूबचे तुकडे काढले नाहीत. काल संध्याकाळी सातला मुद्दाम दहा पिल्लांची नोंद घेतली, एकही उडी नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता नवरात्रापर्यंत उरका."

आज चार जोड्या लावल्या आहेत. मधली काच काढायला उद्या सकाळी दिव्यांच्या आधी पोचायचं आहे.